आधी शॉपवर सांगा, मग स्टेजवर

कॉन्फरन्समध्ये वाचायच्या पेपरचं ॲबस्ट्रॅक्ट (सारांश) मंजूर झाल्याची मेल आली की आपल्याकडचा इंजिनिअर लगेच लॅपटॉप उघडून पॉवरपॉइंट सुरू करतो. कोपऱ्यात कंपनीचा लोगो बसवतो, पेपरमधले परिच्छेद उचलून स्लाईडवर टाकतो, आणि कॉन्फरन्सच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत ते सगळं पहिल्यांदा मोठ्यानं वाचून बघतो. माझं सांगणं याच्या नेमकं उलट आहे. भाषण आधी तोंडानं तयार करायचं, शॉपवरच्या, म्हणजे कारखान्यातल्या, माणसांसमोर, आपल्या बोलीत. स्लाईड सगळ्यात शेवटी.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात कास्टिंगचं (वितळलेला धातू साच्यात ओतून नग बनवण्याचं) जे ज्ञान आहे, ते बऱ्याचदा कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनचं कोल्हापूर चॅप्टर (शाखा) आहे, दरवर्षी इंडियन फौंड्री काँग्रेस भरते, आपली पोरं तिथं पेपर घेऊन जातात. काम अस्सल असतं, पण हॉलमध्ये ते पोचत नाही. दुसरीकडचा कुणीतरी साधंच काम नीट सांगतो आणि चहाच्या वेळी सगळे त्याच्याभोवती. हे मला मनापासून लागतं. म्हणून आमच्याकडचं कुणी पेपर वाचायला निघालं की मी त्याची तयारी करून घेते. ती कशी, ते इथं लिहिते. उदाहरणं फौंड्रीची येतील, कारण माझं आयुष्य तिथं गेलं. पण विद्यापीठातल्या संशोधकाला, साखर कारखान्यातल्या केमिस्टला किंवा डॉक्टरला यातलं बरंचसं तसंच्या तसं लागू पडेल.

पहिली तालीम कँटीनमध्ये

तुमचा विषय तुमच्या खात्यात नसलेल्या एका माणसाला तीन मिनिटांत सांगा. मराठीत, उभं राहून, हातात कागद न घेता. तो माणूस शिकलेला असलाच पाहिजे असं नाही, पण कामाचा जाणकार हवा.

आमच्याकडच्या एका तरुण इंजिनिअरच्या पेपरचं नाव दीड ओळीचं होतं. त्यात ‘ह्युमिडिटी’, ‘मिटिगेशन’, ‘गॅस पोरॉसिटी’ असं सगळं. मी त्याला मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या खात्यातल्या, मामांपुढं उभं केलं आणि म्हटलं, यांना सांग. आधी तो अडखळला, इंग्रजी शब्दांची मोळी मराठी वाक्यात कोंबत राहिला. मामा नुसते बघत होते. मग तो थांबला आणि म्हणाला, “मामा, पावसाळ्यात आपली कोअर हवेतली ओल ओढून घेती. तापलेला रस आत आला की त्या ओलीचा गॅस होतो. त्याला बाहेर पडायला वाट घावली नाही की जॉबमध्ये ब्लो होल. म्हणून आम्ही कोअर झाकून कोरड्या खोलीत ठेवायला लागलो, आणि बनवल्यापासून ओतेपर्यंतचा वेळ कमी केला.”

(कोअर म्हणजे नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा भाग, रस म्हणजे वितळलेला धातू, जॉब म्हणजे ओतलेला नग, आणि ब्लो होल म्हणजे गॅसमुळं त्यात राहिलेलं भोक.) एवढंच त्याचं भाषण होतं. बाकीचं सगळं या चार वाक्यांना पुरावा म्हणून जोडायचं.

पण खरी गंमत पुढं झाली. मामांनी विचारलं, “ते खरं, पण गणपती झाल्यावर पाऊस कमीच हुतोय की. मग भोकं तुझ्या खोलीमुळं कमी झाली का पाऊस गेला म्हणून?”

हा प्रश्न पेपर तपासणाऱ्यांनी विचारला नव्हता. पोरानं जूनचं रिजेक्शन (बाद झालेल्या जॉबचं प्रमाण) आणि ऑक्टोबरचं रिजेक्शन शेजारी ठेवलं होतं, आणि तेवढ्यावर दावा केला होता. मामांच्या प्रश्नानंतर तो रजिस्टरं काढून बसला आणि गेल्या वर्षीचा जुलै या वर्षीच्या जुलैशेजारी, ऑगस्ट ऑगस्टशेजारी असा तक्ता केला. फरक तरीही दिसत होता. त्याचाच आलेख त्याच्या भाषणाचा कणा झाला, आणि हॉलमधल्या एका ज्येष्ठ माणसानं तोच प्रश्न इंग्रजीत विचारला तेव्हा उत्तर तयार होतं.

म्हणून मी म्हणते, तोंडानं तयारी करा. लॅपटॉप प्रश्न विचारत नाही. आरशासमोर बोलून बघा असं पुष्कळ जण सांगतात. मला तो सल्ला फारसा पटत नाही. आरशात माणूस स्वतःचा चेहरा बघत बसतो. समोरच्याच्या कपाळावर आठी कुठं पडली, तो मोबाइलकडं कुठं वळला, हे फक्त जिवंत माणूस दाखवतो. त्या जागा लिहून ठेवा. भाषण तिथं दुरुस्त करायचं असतं.

अशी तालीम निरनिराळ्या माणसांपुढं करा. मेल्टिंगचा माणूस, अकाउंट्समधली ताई, घरी आई. प्रत्येक वेळी वाक्यं थोडी बदलतील, काही वाक्यं मात्र आपोआप तशीच राहतील. राहिलेली वाक्यं कागदावर उतरवा. तीच तुमची खरी वाक्यं.

वेळेचा हिशेब

कार्यक्रमपत्रिकेवर १५ मिनिटं लिहिली असतील तर तयारी १२ मिनिटांची करा. लॅपटॉप जोडणं, अध्यक्षांनी करून दिलेली ओळख, माइक चालू करून घेणं, यात दोन-तीन मिनिटं जातातच.

आपल्या भागातल्या कार्यक्रमाची आणखी एक गोष्ट धरून चाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, फेटे, मान्यवरांची मनोगतं. हे सगळं प्रेमानं चालतं आणि मला ते आवडतंही, पण त्यात घड्याळ पुढं सरकतं आणि जेवणाच्या आधीच्या शेवटच्या वक्त्याला आयोजक हळूच येऊन सांगतात, “जरा आटपतं घ्या.” तुमच्या १५ मिनिटांची ८ होतात. अशा वेळी माणूस तेच भाषण दुप्पट वेगानं म्हणायला लागतो आणि कुणालाच काही कळत नाही.

यावर उपाय एकच: ८ मिनिटांचं भाषण वेगळं तयार ठेवा. घाईनं म्हटलेलं मोठं भाषण नको, मुळातच छोटं बांधलेलं हवं. त्यात प्रश्न काय होता, आम्ही काय बदललं, कशावरून खात्री पटली, आणि काय अजून तपासायचं आहे, एवढंच. कुठल्या स्लाईड गाळायच्या ते आधी ठरवून त्यांचे क्रमांक कार्डावर लिहा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाईड शो चालू असताना स्लाईडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथं जाता येतं. मधल्या स्लाईड भराभर पळवत लोकांना दाखवायची गरज नाही.

मोठ्या भाषणातही काटछाट करायची तर सुरुवात कंपनीच्या ओळखीपासून करा. स्थापना, टर्नओव्हर, किती टन क्षमता, प्लँटचा ड्रोनमधून काढलेला फोटो, यात फुकट वेळ जातो. लोक तुमचा दोष आणि त्याचा उपाय ऐकायला आलेत. पूर्वी कुणी काय संशोधन केलं याची यादी पेपरमध्ये आहे. बोलताना त्यातलं तुमच्या कामाशी थेट भिडणारं एक पुरे.

वेळ मोजायला फोनवर रेकॉर्डिंग करा. फोन टेबलावर जवळ ठेवू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. शेवटच्या रांगेला काय ऐकू जातं ते तेव्हाच कळतं.

वाक्याचं शेपूट

रेकॉर्डिंग ऐकलंत की आपल्या बहुतेकांचा एक दोष लगेच सापडेल. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नेमका तिथंच आपला श्वास संपतो. “या बदलानंतर श्रिंकेजचं प्रमाण कमी झालं नाही” या वाक्यातलं ‘नाही’ ओठातच विरतं आणि मागच्या रांगेतला माणूस समजतो, कमी झालं. सगळा अर्थ उलटा. इंग्रजीत बोलतानाही ही सवय आपल्याबरोबर येते, आणि वाक्यातला शेवटचा आकडा किंवा महत्त्वाचं नाम गिळलं जातं.

यासाठी एक व्यायाम आहे. दहा वाक्यं घ्या आणि प्रत्येकाचा शेवटचा शब्द मुद्दाम सगळ्यात ठळक म्हणा. ऐकायला विचित्र वाटेल, पण आठवडाभर केलंत की शेवटचा शब्द निदान पहिल्या शब्दाइतका तरी ऐकू यायला लागतो. दुसरं म्हणजे चालत बोला. सकाळी रंकाळ्याला किंवा विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरायला जाता ना, तेव्हा भाषण पुटपुटत चाला. धाप न लागता जेवढं वाक्य पुरं होतं तेवढीच त्याची लांबी ठेवा.

थांबणं हा आणखी एक भाग. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या या गावात पोवाडा कानावर न पडता मोठा झालेला माणूस विरळा. शाहीर कडवं टाकतो आणि थांबतो. मागचे झीलकरी ‘जी जी र जी’ धरतात, तेवढ्यात त्याला दम मिळतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ उतरवून घ्यायला वेळ मिळतो. आपल्यामागं झीलकरी नसतात, म्हणून ती जागा आपणच शांत राहून सोडायची. महत्त्वाचा आकडा सांगितला की मनात एक-दोन-तीन म्हणा, मग पुढं. बोलणाऱ्याला तो वेळ फार लांब वाटतो, ऐकणाऱ्याला अजिबात वाटत नाही. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ हे शब्द बहुतेक वेळा ही शांतता भरण्यासाठीच येतात. थांबायची सवय लागली की ते आपोआप कमी होतात.

इंग्रजीत बोलायचं असेल तर

कँटीनमध्ये सापडलेली मराठी वाक्यं घ्या आणि तेवढ्याच लांबीची इंग्रजी वाक्यं करा. ‘कोअर्स ॲब्सॉर्ब मॉइश्चर. द मॉइश्चर टर्न्स इन्टू गॅस. द गॅस हॅज नो वे आउट.’ असं बोललेलं चेन्नईच्या माणसाला कळतं, लुधियानाच्या कळतं आणि जर्मनीच्याही कळतं. पेपरमधलं तीन ओळींचं वाक्य तोंडात धरायला गेलात तर मधेच व्याकरण सुटतं आणि धीरही सुटतो.

उच्चार कुणाची नक्कल करून ‘सुधारू’ नका. आपला कोल्हापुरी उच्चार स्पष्ट असतो, त्याची लाज कशाला? फक्त जे पारिभाषिक शब्द वारंवार येणार आहेत ते वेगळे काढा आणि इंटरनेटवर उच्चार ऐकून घोटा.

आकड्यांची तयारी मात्र वेगळी करा. मराठीत पंचेचाळीस म्हणताना आधी पाच येतो, मग चाळीस, इंग्रजीत उलटं. घाईत डोकं मराठीत आणि तोंड इंग्रजीत असलं की ४५ चे ५४ होतात. भाषणातले सगळे आकडे कार्डावर इंग्रजी अक्षरांत लिहा. दशांशही. एसजी आयर्नमध्ये (गोल ग्राफाइटच्या बिडात) उरलेलं मॅग्नेशियम ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतं. तिथं एक शून्य बोलताना सुटलं तर समोर बसलेले सगळे फौंड्रीवाले दचकतील.

पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं पाठ करा. मधलं पाठ करू नका. पाठ केलेला धागा तुटला की पुढचं सापडत नाही. मधल्या भागासाठी दर मुद्द्याला एक शब्द, एवढंच कार्ड.

आता लॅपटॉप उघडा

स्लाईडच्या वर ‘रिझल्ट्स’ असं लिहू नका. निकाल काय लागला ते पुरं वाक्य लिहा: ‘कोरड्या खोलीतल्या कोअरमुळं जुलैतलं रिजेक्शन घटलं.’ खाली त्याचा एकच पुरावा, आलेख किंवा फोटो. अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. हॉटेलच्या सपाट हॉलमध्ये पडद्याचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्यामागं जातो, म्हणून स्लाईडचा खालचा चौथा हिस्सा शक्यतो मोकळा ठेवा. आलेखात लाल आणि हिरवी रेघ शेजारीशेजारी नको. काही पुरुषांना तो फरक दिसतच नाही. एक रेघ सलग, दुसरी तुटक काढा.

मायक्रोस्ट्रक्चरच्या (सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या धातूच्या रचनेच्या) फोटोखाली नुसतं ‘१०० एक्स’, म्हणजे शंभर पट मोठं, एवढंच लिहिणं चुकीचं आहे, हे मी दरवेळी सांगते. तुम्ही फोटो लहान-मोठा केलात आणि तो भिंतीएवढ्या पडद्यावर पडला की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. फोटोवरच मायक्रॉनची पट्टी असली तर ती फोटोबरोबर वाढते आणि माप खरं राहतं. नमुना एच केलेला (रसायन लावून रचना उघड केलेला) आहे की नाही, कशानं केला, हेही लिहा. कापलेल्या जॉबचा फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. आणि ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर दाखवण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या. हे शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

मराठीत स्लाईड करणार असाल तर फक्त युनिकोड. जुन्या फाँटात टाइप केलेलं आयोजकांच्या लॅपटॉपवर उघडलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. काहीही करा, पण पीडीएफची प्रत पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या मेलवर ठेवाच. पडदा १६:९ आहे की ४:३, आणि केबल एचडीएमआय आहे की व्हीजीए, हे आयोजकांना आधी विचारा. विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

त्या दिवशी

सत्र सुरू व्हायच्या आधी हॉलमध्ये जा. शेवटच्या खुर्चीत बसून पडदा बघा, मग स्टेजवर जाऊन दोन मिनिटं उभे राहा. हॉल एकदा ओळखीचा झाला की निम्मी धडधड कमी होते. उरलेल्या धडधडीसाठी श्वास आत घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा, पाच-सहा वेळा. हात थरथरत असतील तर लेझर पॉइंटर घेऊ नका. पडद्यावरचा ठिपका ती थरथर सगळ्यांना मोठी करून दाखवतो. शिवाय एलईडी वॉलवर लेझर नीट दिसत नाही आणि ऑनलाइन बसलेल्यांना तर दिसतच नाही. जिथं बोट दाखवायचं आहे तिथं स्लाईडवरच बाण काढून ठेवा.

आम्हा शॉपवरच्या लोकांना फेटलिंगच्या (ओतलेला जॉब घासूनपुसून साफ करण्याच्या) आवाजावर ओरडून बोलायची सवय असते. माइकसमोर तो आवाज कानाला टोचतो. हातातला माइक हनुवटीखाली, मूठभर अंतरावर धरा आणि बोलताना हलवू नका. पोडियमचा माइक असेल तर पडद्याकडं मान वळवली की आवाज गायब होतो. लॅपटॉपची स्क्रीन समोर आहे, तिच्याकडं बघा. स्पीकरच्या पुढं माइक घेऊन जाऊ नका, कर्कश शिट्टी वाजते.

प्रश्न आला की तो आधी माइकवरून पुन्हा सांगा. मागच्यांना कळतं, तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो, आणि आपण प्रश्न चुकीचा समजलो असलो तर विचारणारा तिथंच दुरुस्त करतो. माहीत नसेल तर “हे आम्ही तपासलेलं नाही” असं सरळ सांगा. त्यानं मान कमी होत नाही, बाकीच्या उत्तरांवरचा विश्वास वाढतो. पहिल्या रांगेतले एखादे ज्येष्ठ प्रश्नाऐवजी स्वतःचा अनुभवच पाच मिनिटं सांगतील. त्यांना तोडू नका. संपल्यावर त्यातला एक मुद्दा घेऊन, “सर, तुम्ही म्हणता तसं व्हेंटिंगचं, गॅसला वाट देण्याचं, आम्ही पुढच्या टप्प्यात बघतोय” असं म्हणून पुढच्या हाताकडं वळा. शक्य असलेले प्रश्न आधीच लिहून, त्यांच्या उत्तराच्या दोन-चार स्लाईड आभाराच्या स्लाईडनंतर लपवून ठेवा. मामांच्या प्रश्नाचा आलेख भाषणातच होता, त्यामागचा सगळा तक्ता मात्र अशाच जागी होता.

सराव कुठं करायचा, असं पोरं विचारतात. आपल्या पेठेत तालीम मंडळं आहेत, गणपतीत दहा दिवस स्टेज बांधलेलं असतं. तिथल्या बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन मागून घ्या. माइक, गर्दी आणि मधेच बंद पडणारी लाइट, तिन्हींची सवय होते. चॅप्टरची संध्याकाळची व्याख्यानं चुकवू नका. शाहू स्मारक भवनात कुठल्याही विषयावरचं व्याख्यान असलं तरी जाऊन बसा, आणि शेवटी प्रश्न विचारायला हात वर करा. उभं राहायचं, नाव सांगायचं, कुठून आलो ते सांगायचं आणि एका वाक्यात एकच प्रश्न विचारून बसायचं. पेपर वाचायला अजून वर्ष असलं तरी हे या आठवड्यातही करता येतं.